क्रिस्टल पॅलेसचे राखणदार

लंडनच्या दक्षिणेला सिडनहॅमच्या टेकडीवर क्रिस्टल पॅलेस पार्क आहे. ज्या काचेच्या महालावरून त्याला हे नाव मिळाले, तो महाल ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री जळून गेला आणि पुन्हा कधी उभा राहिला नाही. मागे उरले ते दगडी चौथरे, रुंद पायऱ्या, काही स्फिंक्स, रस्त्याखालचा एक भुयारी मार्ग आणि उताराच्या तळाशी, तळ्यातल्या बेटांवर उभे असलेले विटा-सिमेंटचे प्रागैतिहासिक प्राणी. सुमारे २०० एकरांचे हे उद्यान पाच पालिकांच्या सीमा एकत्र येतात अशा ठिकाणी आहे. महालाची कंपनी, लंडनची काउंटी कौन्सिल, ब्रॉमली पालिका आणि आता एक विश्वस्त संस्था असे त्याचे कारभारी बदलत गेले. या बदलांत जे टिकून राहिले, त्यातले बरेच काही आसपासच्या रहिवाशांनी बिनपगारी कष्टांनी टिकवले आहे.

हे समजून घेण्यासाठी ब्रिटनमधल्या सार्वजनिक उद्यानांची घडण पाहावी लागते. गिरण्या-कारखान्यांनी शहरे फुगली, मजुरांच्या वस्त्यांत मोकळी हवा उरली नाही, तेव्हा १८३३ मध्ये संसदेच्या एका समितीने शहरवासीयांना फिरण्यासाठी मोकळ्या जागा हव्यात असा अहवाल दिला. १८४० मध्ये डर्बीत जोसेफ स्ट्रट या गिरणीमालकाने लोकांसाठी बाग दिली. १८४७ मध्ये लिव्हरपूलच्या समोर, मर्सी नदीपलीकडे बर्कनहेडला सार्वजनिक पैशातून उभारलेले उद्यान खुले झाले. त्याची आखणी जोसेफ पॅक्स्टन याची. पुढे १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी हाइड पार्कात काचेचा महाल उभारणाराही तोच. बर्कनहेडचे उद्यान १८५० मध्ये पाहून गेलेल्या फ्रेडरिक लॉ ओमस्टेडने नंतर न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची आखणी केली. ब्रिटनमध्ये आज सुमारे २७,००० सार्वजनिक उद्याने असल्याचे सांगितले जाते. त्यांतली बहुतेक पालिकांच्या मालकीची आहेत.

मात्र एक उणीव राहून गेली आहे. वाचनालये चालवणे इंग्लंडमधल्या पालिकांवर १९६४ च्या कायद्याने बंधनकारक आहे; उद्याने सांभाळण्याचे तसे बंधन कोणत्याही कायद्यात नाही. त्यामुळे तिजोरीत खडखडाट झाला की कात्री आधी उद्यानांच्या खर्चाला लागते. २०१० नंतर केंद्र सरकारने पालिकांची अनुदाने वर्षामागून वर्ष घटवली, तेव्हा हेच घडले. एकेका बागेला नेमलेले माळी कमी झाले आणि त्यांच्या जागी गवत कापण्याची यंत्रे घेऊन बागेमागून बाग फिरणाऱ्या कंत्राटी टोळ्या आल्या. राष्ट्रीय लॉटरीच्या उत्पन्नातून ऐतिहासिक उद्यानांच्या जीर्णोद्धारासाठी १९९६ पासून मोठी मदत मिळत आली आहे आणि तिने शेकडो उद्याने वाचवली, हे निःसंशय. पण ही मदत मुख्यतः एकदाच्या दुरुस्तीसाठी असते. नंतरची रोजची देखभाल कोणी करायची, हा प्रश्न ती सोडवत नाही.

ही पोकळी उद्यानांची मित्रमंडळे भरून काढतात. देशभर अशी हजारो मंडळे आहेत आणि त्यांची रचना साधारण सारखी असते. परिसरातले दहा-बारा रहिवासी एकत्र येतात, लेखी नियमावली करतात, अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार निवडतात, बँकेत दोन सह्यांचे खाते उघडतात आणि वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा भरवतात. धर्मादाय काम करणाऱ्या मंडळाचे वार्षिक उत्पन्न ५,००० पौंडांच्या वर गेले की इंग्लंडमध्ये त्याला धर्मादाय आयोगाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीचा त्रास वाटला तरी लोकांचा विश्वास तिनेच मिळतो. शिवाय करदात्याने दिलेल्या प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स सरकारकडून परत मिळवता येतात.

पालिकेच्या जमिनीवर कोणीही फावडे घेऊन उतरावे, असे इथे चालत नाही. कोणते काम करायचे, कोणती हत्यारे वापरायची, धोके कोणते, अपघात झाल्यास विमा कोणाचा, हे आधी कागदावर ठरते. बाहेरून पाहणाऱ्याला हा कागदांचा सोस वाटेल, पण सत्तरीतला निवृत्त शिक्षक आणि सोळा वर्षांची शाळकरी मुलगी शेजारी-शेजारी कुदळ चालवतात, तेव्हा या कागदांची किंमत कळते. कामाचा दिवस बहुधा शनिवार-रविवारची सकाळ. हातमोजे, दाताळी, फांद्या छाटण्याच्या कात्र्या वाटल्या जातात, मध्ये चहा-बिस्किटांची सुट्टी असते आणि शेवटी हत्यारे मोजून परत घेतली जातात. झुडपांची मोठी छाटणी थंडीत उरकायची असते. साधारण मार्च ते ऑगस्ट पक्षी घरटी करतात आणि वापरातले घरटे मोडणे हा १९८१ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. निसर्गासाठी श्रमदान करण्याची ही रीत मित्रमंडळांच्या आधीपासूनची आहे. १९५९ मध्ये तरुणांची एक श्रमदान तुकडी स्थापन झाली होती. तिचीच पुढे वाढलेली संस्था आज ‘द कॉन्झर्व्हेशन व्हॉलंटियर्स’ या नावाने देशभर काम करते.

क्रिस्टल पॅलेसमध्ये याहून अवघड काम वाट्याला आले. १८५१ चे महाप्रदर्शन संपल्यावर पॅक्स्टनचा महाल हाइड पार्कातून हलवून, वाढवून या टेकडीवर बांधला गेला. १० जून १८५४ रोजी राणी व्हिक्टोरियाने त्याचे उद्घाटन केले. उद्यानाच्या तळाशी पृथ्वीच्या इतिहासाचे उघडे प्रदर्शन होते. डेव्हिड अॅनस्टेड या भूगर्भशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली खऱ्या खडकांचे थर रचले गेले आणि त्या-त्या युगाच्या जागी त्या-त्या युगाचे प्राणी उभे केले गेले. शिल्पकार बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स. शास्त्रीय सल्लागार म्हणून नाव ‘डायनोसॉर’ ही संज्ञा रूढ करणाऱ्या रिचर्ड ओवेनचे. ३१ डिसेंबर १८५३ रोजी हॉकिन्सने इग्वानोडॉनच्या साच्यातच निमंत्रितांना मेजवानी दिली आणि त्या पंगतीची चित्रे वृत्तपत्रांतून देशभर पोहोचली. नामशेष प्राणी हाडामांसाचे असताना कसे दिसत असतील, हे पूर्ण आकारात सामान्य माणसाला दाखवण्याचा जगातला हा पहिला मोठा प्रयत्न होता. संग्रहालयाच्या कपाटातले विज्ञान त्याने उघड्यावर, मजुराच्या सुट्टीच्या दिवसात आणून ठेवले. त्याचे महत्त्व कितीही सांगितले तरी थोडेच आहे.

आज त्यातली सुमारे ३० शिल्पे उरली आहेत. लोक सर्वांना सरसकट डायनोसॉर म्हणत असले तरी शास्त्राच्या हिशेबाने खरे डायनोसॉर चारच: दोन इग्वानोडॉन, एक मेगालोसॉरस आणि एक हायलिओसॉरस. बाकीचे समुद्री सरीसृप, उभयचर, उडते सरडे, प्रचंड शिंगांचे हरीण, झाडाला मिठी मारलेला महाकाय स्लॉथ. यातले बरेच प्राणी आजच्या माहितीनुसार चुकीचे आहेत. इग्वानोडॉनच्या नाकावर शिंग बसवले आहे. १८७८ मध्ये बेल्जियममधल्या बर्निसार्टच्या कोळशाच्या खाणीत अनेक पूर्ण सांगाडे सापडले, तेव्हा ते शिंग नसून अंगठ्यावरचा काटा होता, हे निश्चित झाले. जतनाच्या दृष्टीने मात्र ही चूकच मोलाची आहे. हाती मोजकी हाडे आणि दात असताना १८५४ चे विज्ञान कुठवर पोहोचले होते, याचा असा पुरावा दुसरीकडे नाही. म्हणून इथे दुरुस्ती करणाऱ्याने प्राणी सुधारायचा नसतो. हॉकिन्सने जसा घडवला तसाच राखायचा असतो.

शिल्पांची दुरवस्था त्यांच्या बांधणीतूनच येते. आत लोखंडी सांगाडा, त्यावर विटा आणि कौले, बाहेरून सिमेंटचा गिलावा. भेगेतून पाणी आत जाते, लोखंड गंजून फुगते आणि गिलाव्याला आतून फोडते. पायाखालची जमीन हलते. तळ्याच्या पाण्याची पातळीही स्थिर राहत नाही. पूर्वी तर वरच्या बाजूची कारंजी सुरू झाली की हे तळे भरतीसारखे चढत असे आणि तशीच त्याची योजना होती. भेगांत वाऱ्याने आलेले बी रुजते, मुळे जाड होतात आणि भेग रुंदावते. १९७० च्या दशकात शिल्पांना संरक्षित वास्तूंचा दर्जा मिळाला, २००२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि २००७ मध्ये त्यांना पहिल्या श्रेणीत, म्हणजे देशातल्या सर्वोच्च वारसावास्तूंच्या पंक्तीत बसवले गेले. तरीही काही वर्षांत भेगा पुन्हा दिसू लागल्या. दर्जा मिळाल्याने शिल्पे पाडण्यापासून वाचतात. रोज लक्ष ठेवायला कोणी तरी माणूसच लागतो.

ते काम करण्यासाठी २०१३ मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ क्रिस्टल पॅलेस डायनोसॉर्स’ हे मंडळ सुरू झाले. पहिल्या श्रेणीच्या वास्तूवर सिमेंटचा साधा लेप देण्यासाठीही परवानगी आणि प्रशिक्षित संवर्धक लागतात, त्यामुळे स्वयंसेवक शिल्पांची दुरुस्ती स्वतः करत नाहीत. ते झुडपे आणि वेली आटोक्यात ठेवतात, छायाचित्रांवरून भेगांची नोंद ठेवतात, जुनी चित्रे आणि कागदपत्रे धुंडाळतात, शाळेच्या मुलांना फिरवून माहिती देतात आणि निधी जमवतात. या नोंदींचे मोल तज्ज्ञ जाणतात. संवर्धक काही आठवड्यांसाठी येतो आणि जातो. भेग गेल्या हिवाळ्यात कुठवर होती, हे सांगणारा शेजारीच असतो.

बेटांवर जाण्यासाठी कायमची वाट नव्हती, ही मोठी अडचण होती. मंडळाने पुलासाठी लोकवर्गणी सुरू केली. तिला लंडनच्या महापौरांकडून हातभार लागला आणि ‘गन्स एन रोझेस’चा गिटारवादक स्लॅश यानेही जाहीर पाठिंबा दिला. २०२१ मध्ये पूल तयार झाला. तो फिरता आहे: काम नसेल तेव्हा वळवून ठेवता येतो, म्हणजे आगंतुक बेटावर पोहोचत नाहीत. दरम्यान २०२० मध्ये ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ या शासकीय संस्थेने या शिल्पांची नोंद धोक्यातल्या वारशाच्या यादीत केली आणि त्याच वर्षी मेगालोसॉरसच्या जबड्याचा पुढचा भाग गळून पडला. पुढच्या वर्षी संवर्धकांनी नवा जबडा बसवला. २०२३ मध्ये मंडळाने आणखी एक पाऊल टाकले. पूर्वी कधीतरी नाहीसा झालेला पॅलिओथेरियम हा घोडा-गेंड्यांच्या गोतातला सस्तन प्राणी प्राणिचित्रकार बॉब निकल्स याच्याकडून नव्याने घडवून घेतला. आधार होता जुन्या छायाचित्रांचा. आजचे विज्ञान बाजूला ठेवून हॉकिन्सच्या कल्पनेतला प्राणीच त्याच्या जागी परत आणला गेला.

टेकडीच्या माथ्यावरची कथा वेगळी आहे. १८६५ मध्ये महालाजवळ रेल्वेचे वरचे स्थानक झाले आणि तिथून प्रवाशांना थेट महालात नेणारा भुयारी मार्ग बांधला गेला. लाल आणि फिकट पिवळसर विटांचे अष्टकोनी खांब, वर पंख्यासारख्या उलगडणाऱ्या कमानी. हे काम इटलीहून आणलेल्या गवंड्यांनी केले, असे लोक सांगतात. त्याला पुरावा नाही. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांपासून बचावासाठी लोक इथे आसरा घेत. १९५४ मध्ये रेल्वे बंद झाली, स्थानक पाडले गेले आणि भुयार कुलूपबंद झाले. त्याच्यासाठी लढणारे मित्रमंडळ वेगळे आहे. त्याच्या सभासदांनी अधूनमधून दारे उघडून लोकांना आत नेले आणि प्रत्येक भेटीनंतर जतनाची मागणी करणारे वाढत गेले. २०१८ मध्ये भुयाराची वारसाश्रेणी वाढली. मग मोठा जीर्णोद्धार होऊन, छत आणि विटांच्या दरजा दुरुस्त करून ते २०२४ मध्ये पुन्हा लोकांसाठी खुले झाले. जवळच महालाचा इतिहास सांगणारे छोटे संग्रहालय आहे. तेही स्वयंसेवकच चालवतात.

अशा जागांवर इतरांचीही नजर असते. १९९० च्या दशकात महालाच्या रिकाम्या माथ्यावर चित्रपटगृहांचे संकुल बांधण्याचे ठरले होते. रहिवाशांच्या दीर्घ विरोधामुळे २००१ मध्ये तो बेत बारगळला. २०१३ मध्ये एका चिनी उद्योगसमूहाने महाल पुन्हा उभारण्याचा प्रस्ताव मांडला, तो २०१५ मध्ये मोडला. त्यानंतरच्या योजनेत उद्यानाच्या कडेच्या जागांवर घरे बांधून त्या पैशातून उद्यान सुधारण्याची कल्पना आली आणि रहिवाशांत मतभेद झाले. उरलेले उद्यान वाचेल म्हणून काहींनी ते मान्य केले; सार्वजनिक जमीन एकदा गेली की परत येत नाही, असे इतरांचे म्हणणे. दुसऱ्या बाजूच्या म्हणण्यात वजन आहे. गवत काढण्यापलीकडे मित्रमंडळांना नकाशे वाचावे लागतात, सुनावण्यांना हजर राहावे लागते, हरकती नोंदवाव्या लागतात. दाताळ्यापेक्षा हे काम जास्त दमवणारे असते.

या व्यवस्थेच्या मर्यादाही दिसतात. ज्या वस्तीत निवृत्त वकील, वास्तुविशारद, हिशेबनीस राहतात, तिथले मंडळ अनुदानाचा अर्ज सफाईने भरते. दोन पाळ्यांत राबणाऱ्यांच्या वस्तीतल्या बागेला असे हात मिळत नाहीत, आणि बागेची गरज तर तिथेच अधिक असते. स्वयंसेवक आहेत म्हणून माळ्याची जागा भरायची नाही, हा मार्ग पालिकांना सोयीचा वाटतो, पण तो अन्यायाचा आहे. अनुभवी माळ्याचे कसब आठवड्यातल्या एका सकाळीत भरून निघत नाही. मित्रमंडळे हेच वारंवार सांगतात आणि उद्याने सांभाळण्याचे काम कायद्याने बंधनकारक व्हावे अशी मागणी करतात. ती रास्त आहे.

क्रिस्टल पॅलेस पार्कचा कारभार २०२३ मध्ये ब्रॉमली पालिकेने क्रिस्टल पॅलेस पार्क ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे सोपवला. जमिनीची मालकी पालिकेकडेच राहिली. जत्रा, मैफली आणि जागेच्या भाड्यातून येणारा पैसा उद्यानातच खर्च व्हावा, ही त्यामागची कल्पना. मैफलींच्या मोसमात मोठा भाग कुंपणाआड जातो, अशी कुरबुर तेव्हापासून ऐकू येते आणि हा तोल सांभाळणे विश्वस्तांच्या वाट्याला आले आहे. डायनोसॉरच्या परिसरासाठी लॉटरीच्या वारसा निधीतून अनुदान मंजूर झाले आहे. ते शिल्पांच्या दुरुस्तीसाठी आहे. हॉकिन्सच्या मूळ समूहातली आणखी काही शिल्पे अजून बेपत्ता आहेत. जुन्या छायाचित्रांतून आणि कागदपत्रांतून त्यांचा माग काढण्याचे काम स्वयंसेवकांकडे चालू आहे.