बाळंतिणीचं डोकं कुठं गेलं?

गॅसवर दूध ठेवलं आणि विसरलं. समोरच्या वहिनींचं नाव ऐन वेळी आठवेना. किल्ली हातात, आणि शोध चाललाय घरभर! दिवस गेलेल्या किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईकडून असं काही झालं, की घरात हशा पिकतो. ‘हिचं डोकं बाळानं नेलं!’ असं आधी सासूबाई म्हणतात, मग जाऊबाई म्हणतात, आणि चार वेळा ऐकल्यावर आपण स्वतःही तेच म्हणायला लागतो.

तर मैत्रिणींनो, डोकं कुठं जात नाही. पण त्यात बरीच हलवाहलव होते, हे मात्र खरं. आणि ती आता शास्त्रज्ञांनी यंत्रातून पाहिली आहे.

स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात काही वर्षं एक मोठं चिकाटीचं काम चाललं होतं. ज्यांना पहिलं मूल हवं आहे अशा बायकांच्या मेंदूची चित्रं एम.आर.आय. यंत्रावर दिवस जाण्याआधीच घेऊन ठेवायची, आणि बाळंतपणानंतर पुन्हा घ्यायची. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात २५ पहिलटकरणी होत्या. तुलनेसाठी मूल न झालेल्या बायका घेतल्या होत्या, नव्यानं बाप झालेले पुरुषही होते. दिसलं काय, तर पहिलटकरणींच्या मेंदूतला करडा भाग काही ठरावीक जागी कमी झाला होता. हा फरक इतका स्पष्ट होता, की नुसत्या मेंदूच्या चित्रांवरून कोण आई झाली आहे हे संगणकाला ओळखता आलं. दोन वर्षांनी पाहिलं, तरी बहुतेक फरक तसाच होता.

‘कमी झाला’ हे ऐकून दचकू नका. याच बायकांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या घेतल्या होत्या, त्यांत घट आढळली नाही. गुलाबाची छाटणी आपण करतो ती झाड मरावं म्हणून नव्हे. मुलगी वयात येते तेव्हाही मेंदूचा करडा भाग असाच कमी होतो, आणि तेव्हा कुणी तिला ‘तुझं डोकं गेलं’ म्हणत नाही. (निदान या कारणासाठी तरी म्हणत नाही!) आईच्या मेंदूत हा बदल होतो तो मुख्यतः दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याच्या जागी. स्वतःच्या बाळाचे फोटो दाखवले तेव्हा यातल्याच काही जागा विशेष जाग्या झाल्या, आणि जिच्यात बदल अधिक तिची बाळाशी ओढही अधिक, असंही दिसलं. न बोलणाऱ्या जिवाचं भुकेचं रडणं वेगळं आणि झोपेचं वेगळं, हे जिला ओळखायचं आहे तिच्यासाठीच ही तयारी असावी, असं शास्त्रज्ञांना वाटतं.

कॅलिफोर्नियातल्या लिझ क्रास्टिल या संशोधिकेनं तर स्वतःचाच मेंदू अभ्यासाला दिला. दिवस जाण्यापूर्वीपासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत २६ वेळा तिची तपासणी झाली. २०२४ साली छापून आलेल्या त्या अभ्यासातही करडा भाग गरोदरपणात आठवड्यागणिक कमी होत गेलेला दिसतो.

मग विसरलेल्या दुधाचं काय? गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत थोडा विसराळूपणा येतो असं काही अभ्यास सांगतात, पण रोजचं काम अडावं इतका तो नसतो. बाळंतपणानंतरची खरी चोर असते झोप. दर दोन तासांनी उठणाऱ्या कोणत्याही माणसाचं दूध उतू जाईल, मग तो कलेक्टर का असेना! दुसरं कारण अंगात रक्त कमी असणं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांत ते आढळलं. सतत थकवा आणि कशात लक्ष न लागणं हे त्याचंच लक्षण असू शकतं. तेव्हा शी काळी होते म्हणून लोहाच्या गोळ्या कपाटात टाकून देऊ नका. काळी होणारच, त्यात घाबरण्यासारखं नाही. फक्त त्या चहाबरोबर घेऊ नका. लिंबाच्या सरबताबरोबर घेतल्या तर लोह अंगी चांगलं लागतं.

एका बाबतीत मात्र हसण्यावारी नेऊ नये. बाळंतपणानंतर चार-आठ दिवस उगीचच रडू येणं पुष्कळजणींना होतं आणि ते आपोआप ओसरतं. पण दोन आठवडे उलटले तरी उदास वाटतं, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, बाळ निजलं तरी आपल्याला झोप येत नाही, किंवा जीव नकोसा होतो, असं असेल तर तो आजार आहे. त्याला औषधोपचार आहेत. आपल्यासारख्या देशांत पाच बाळंतिणींत जवळजवळ एकीला मनाचा काही ना काही आजार होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ‘दृष्ट लागली’ म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या तर खुशाल ओवाळा, पण डॉक्टरांकडेही न्या. जीव नकोसा झाल्याचं बाळंतीण बोलली, तर दोन आठवडे वाट पाहत बसू नका आणि तिला एकटीला सोडू नका. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा फोन रात्री-बेरात्रीही लागतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

आता गंमत पाहा. हे सगळं नुसतं पोटात बाळ वाढल्यानंच होतं का? रोझनब्लाट नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९६७ साली पिलं न झालेल्या उंदरांच्या माद्यांजवळ, आणि नरांजवळसुद्धा, रोज लहान पिलं ठेवली. आधी ते पिलांपासून लांब राहत. पण आठवडाभरानं पिलं गोळा करू लागले, त्यांना चाटू लागले. नरसुद्धा! माणसांचंही काहीसं तसंच आहे. २०१४ साली इस्रायलमध्ये नव्या आईबापांचे मेंदू तपासले. जे वडील बाळाचं सगळं स्वतःच करत होते, त्यांच्या मेंदूत काळजीची घंटा वाजवणारा भाग आईइतकाच जागा असे. आणि बापाचे जितके तास बाळापाशी जास्त, तितकी त्या भागाची मन ओळखणाऱ्या भागाशी जोडणी घट्ट. मूल दत्तक घेतलेल्या भगिनींनी, ‘आपल्याला कसं जमेल’ या काळजीत असाल तर हे जरूर लक्षात घ्यावं.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. ते चांगलंच आहे. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, मालिशवाली बाई, आणि मुख्य म्हणजे आईच्या जिवावर मिळणारी दुपारची झोप, यांची सर कशालाच नाही. पण त्या दोन-तीन महिन्यांत बाळाचे वडील येतात रविवारी, पाहुण्यासारखे. बाळ त्यांच्या मांडीवर ठेवतात, ते रडलं की लगेच उचलून नेतात. सासुरवाडीत जावयाला दुपटं बदलायला कोण सांगणार? मग तुम्ही बाळ घेऊन घरी येता तेव्हा तुमचा मेंदू पदवीधर झालेला, आणि ह्यांची अजून बालवाडी! ‘ह्यांना काही जमत नाही’ अशी तक्रार तिथून सुरू होते. काही घरी ती जन्मभर पुरते.

तेव्हा रविवारी ते आले की ढेकर काढायचं काम त्यांच्याकडे द्या. आई-काकूंची कुजबुज होईल, होऊ द्या. घरी परतल्यावर रात्रीचं एक उठणं त्यांचं ठरवून टाका. पाजायचं असेल तर बाळ त्यांनी आणून द्यावं आणि नंतर त्यांनीच थोपटून निजवावं. दुपटं तिरकं बांधलं जाईल, टोपरं उलटं घातलं जाईल. तेवढ्यासाठी बाळ हातातून काढून घेऊ नका. तोवर तुम्ही कूस बदलून पडा.