कोणत्या फोल्डराला किती मुभा

परभणी, सेलू किंवा गंगाखेडला घरांचे नकाशे काढून देणारं ऑफिस म्हणजे बहुधा दोन-तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि आयटीआयचा दोन वर्षांचा ड्राफ्ट्समन सिव्हिल ट्रेड केलेली मुलं. तीस बाय चाळीसच्या प्लॉटचं ड्रॉइंग ऑटोकॅडवर चढतं. काही अडलं की एकच उपाय सांगितला जातो: ‘ॲडमिन करून टाका,’ म्हणजे मुलाच्या खात्याला मशीनवरचे सगळे अधिकार द्या.

विंडोज एक्सपीच्या काळात हे चालून जाई. तेव्हाचे पुष्कळ प्रोग्रॅम आपल्या सेटिंग थेट प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहीत आणि साध्या खात्याला तिथे लिहायची मुभा नसे. आजचं ऑटोकॅड बसवताना ॲडमिनचा पासवर्ड लागतो. रोज चालवायला मात्र साधं खातं पुरतं. टूलबार, शॉर्टकट, प्लॉटिंगच्या सेटिंग ज्याच्या त्याच्या प्रोफाइलमध्ये राहतात.

घोळ होतो तो सगळ्यांची ड्रॉइंग ठेवलेल्या शेअर्ड फोल्डरात.

सेव्ह करताना ऑटोकॅड जुन्या फाइलवरच लिहीत नाही. ते आधी एक तात्पुरती फाइल तयार करतं, जुन्या फाइलची ‘बॅक’ फाइल करून ठेवतं आणि मग नवीला मूळ नाव देतं. शिवाय ड्रॉइंग उघडं असेपर्यंत शेजारी डीडब्ल्यूएल ही छोटी फाइल असते. ड्रॉइंग कुणाकडे उघडं आहे ते तिच्यावरून कळतं. म्हणजे नुसतं लिहिता येऊन भागत नाही, नाव बदलता आणि पुसताही यावं लागतं. विंडोजमध्ये या परवानगीला ‘मॉडिफाय’ म्हणतात. ती त्या एका फोल्डरावर दिली की काम होतं. तरी मुलाच्या हाती अख्ख्या मशीनची किल्ली दिली जाते, आणि हे खरोखर धोक्याचं आहे, कारण मग त्याच्या खात्यातून सुरू झालेल्या घातक प्रोग्रॅमलाही तीच किल्ली मिळते.

असे प्रोग्रॅम ड्रॉइंगसोबतही येतात. २०१२ साली ईसेट या अँटिव्हायरस कंपनीने ‘मेड्रे’ हा संगणकी किडा (वर्म) उघडकीला आणला. तो ऑटोकॅडच्याच ऑटोलिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला होता. ड्रॉइंगच्या फोल्डरात बसायचा, ड्रॉइंग उघडलं की आपोआप सुरू व्हायचा आणि ते ड्रॉइंग चीनमधल्या ईमेल खात्यांवर पाठवायचा. सर्वाधिक लागण पेरू देशात झाली. पुढे ऑटोकॅड २०१४ मध्ये विश्वासातले फोल्डर ठरवण्याची सोय आली; दुसरीकडून लिस्प, म्हणजे ऑटोलिस्पमधला छोटा प्रोग्रॅम, लोड होऊ लागलं तर प्रोग्रॅम आधी विचारतो.

क्षेत्रफळ काढायची, दारं-खिडक्या बसवायची लिस्प प्रत्येक ऑफिसात मित्रांकडून, पेन ड्राइव्हवरून येतात. त्यांच्यासाठी एक वेगळा फोल्डर करावा, विश्वासातला म्हणून नोंदवावा आणि साध्या खात्यांना तो फक्त वाचता येईल असा ठेवावा. ड्रॉइंगच्या फोल्डरात ‘मॉडिफाय’, लिस्पच्या फोल्डरात फक्त ‘रीड’. नवं लिस्प टाकायचं झालं तर ॲडमिनचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे त्याने ते आधी तपासून टाकावं.