माहेरची साडी आली कुठून?

‘माहेरची साडी’ पाहून रडली नाही अशी बाई आपल्या वऱ्हाडात शोधावीच लागेल. पण १९९१ सालचा हा सिनेमा मुळात आपला नव्हे. ‘बाई चाली सासरिये’ या १९८८ सालच्या राजस्थानी सिनेमावरून विजय कोंडके यांनी तो मराठीत आणला.

गोष्ट उसनी, पण मला मराठीच सरस वाटतो. माहेरची साडी म्हणजे काय, हे आपल्याला सांगावं लागत नाही. ती दोनशेची असो की दोन हजाराची, ‘माझ्यामागं कोणी आहे’ याची ती खूण. आणि अलका कुबल तर शेजारच्या घरातली लेकच वाटते. १९९४ मध्ये हिंदीत ‘साजन का घर’ निघाला. जुही चावला असूनही त्याची आठवण कोण काढतं?

एक मात्र खटकतं. जन्मताच आई गेली म्हणून बाप लेकीला अपशकुनी ठरवतो, अन् ती मुकाट सोसते. बाळंतपणात बाई जाते ती अतिरक्तस्रावानं, अंगात रक्त कमी असल्यानं, दवाखान्यात पोचायला उशीर झाल्यानं. ‘पांढऱ्या पायाची’ हा शब्द मात्र अजून गावात ऐकू येतो. हा सिनेमा कोणी पुन्हा काढलाच, तर बदल तिथूनच करावा.