निळी बोटं

पहाटे साडेपाच

अंगणात अजून अंधार. बादलीतल्या थंड पाण्यात मी माझी स्वतःची जीन्स बुडवतो, उलटी करून, म्हणजे शिलाया बाहेर आणि निळी बाजू आत. चौदा महिन्यांतलं हे तिसरं धुणं. पाणी नळाचं; आमच्या बोअरचं पाणी जड आहे, त्यात फेस धरत नाही आणि कापड कडक होतं. साबणाची पूड नाही, सोडा नाही, ब्रश तर नाहीच. आठ-दहा रिठे रात्री भिजत घातले होते, त्यांचंच पाणी. आजी तिचं ठेवणीतलं इरकली लुगडं याच पाण्यात धुवायची. दहा मिनिटं हातानं दाबायचं, पिळायचं नाही, कंबरेकडून दोरीवर टांगायचं, आणि ऊन अंगणात उतरायच्या आत सावलीला सरकवायचं.

बायको म्हणते, चिमूटभर मीठ टाका, रंग बसतो. काही रंगांना ते चालत असेल, निळीला नाही. नीळ मुळात पाण्यात विरघळतच नाही. गिरणीत तिचं रूप बदलून तिला आधी विरघळवावं लागतं. त्या द्रावणात दोरा बुडवून वर काढला की तो पिवळट-हिरवा दिसतो आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळा होतो. असं पुन्हा पुन्हा बुडवलं तरी नीळ दोऱ्याच्या सालीपुरतीच राहते, गाभा पांढरा तो पांढराच. त्यामुळे जिथं घासलं जाईल तिथं साल झडते आणि पांढरं वर येतं. ते थांबवायची माझी इच्छाही नाही. नीळ झडायचीच, तर ती धुण्याच्या दगडावर न झडता अंगावर झडावी, एवढंच मी गिऱ्हाइकाला सांगत असतो.

साडेआठ

गांधी चौकाच्या मागच्या गल्लीत दुकान आहे. आमचं दुकान जिल्ह्यापेक्षा जुनं. हिंगोली 1 मे 1999 ला परभणीतून वेगळी झाली, त्याच्या कितीतरी आधी वडिलांनी इथं मशीन मांडली. झाडलोट झाली की नामदेव महाराजांच्या फोटोला उदबत्ती. महाराजांचं नर्सी इथून जवळच. त्यांचं कूळ शिंप्याचं, म्हणून आम्हा सुई-दोऱ्यावाल्यांना ते आपल्या घरातलेच वाटतात. मग मशीनच्या दातांत अडकलेला निळा भुसा ब्रशनं काढायचा, शटलला दोन थेंब तेल, आणि सुई बदलायची. शर्टाला चौदा नंबर चालते. जीन्सला अठरा.

साडेनऊ

पुण्याहून होळीला आलेला एक मुलगा कापड घेऊन आला. इथलाच, याची शाळेची खाकी चड्डी मी शिवलेली. "काका, हे कोरं आहे, वॉश केलेलं नाही. यातून जीन्स पाहिजे. परवा जायचंय मला."

कापड हातात घेतलं आणि बरं वाटलं. चौदा औंसाचं, म्हणजे चौरस वाराला चौदा औंस वजन. खळ इतकी, की ताटासारखं उभं राहतं. उलटून पाहिलं तर आतली बाजू पांढरी. डेनिममध्ये उभा दोरा निळा आणि आडवा पांढरा. उभा दोरा तीन आडव्या दोऱ्यांवरून जातो आणि एकाखाली दबतो, तेव्हा वर निळं जास्त दिसतं आणि आत पांढरं. तिरपी रेघही त्यानंच उमटते. आणि याला काठ होता. अरुंद मागावर, धोट्यानं विणलेला, लाल दोऱ्याचा. पोरं त्याला सेल्व्हेज म्हणतात. मी त्याला म्हटलं, लुगड्याला जसा काठ तसाच हा; आडवा दोरा कडेला पोचून परत फिरतो, म्हणून कड उसवत नाही. हा काठ मी बाहेरच्या शिलाईला आतून ठेवीन. मोहरी दुमडलीस की दिसेल.

पण आधी पाणी. परवा जायचं असलं तरी पाणी दाखवल्याशिवाय मी कोऱ्या डेनिमला कात्री लावत नाही. जुन्या पॉपलिनच्या ताग्यावर 'सॅन्फोराइज्ड' असा छाप असायचा, आमच्या वयाच्या माणसांना आठवेल. अमेरिकेतल्या सॅनफर्ड क्लुएट यांनी 1930 च्या सुमारास कापड गिरणीतच आकसवून घ्यायची रीत काढली, तिचा तो छाप. या मुलाच्या कापडावर ती प्रक्रिया झालेली नव्हती. खडूनं उभ्या बाजूला बरोबर एक मीटरवर दोन खुणा केल्या आणि घमेल्यात कढत पाणी ओतून कापड त्यात सोडलं. पाणी शाईसारखं झालं. मुलगा घाबरला. "काका, सगळा रंग चालला!" बाळा, ही वरवरची नीळ. खरी अजून कापडातच आहे.

अकरा वाजता गच्चीवर टाकलं. मार्चचं ऊन, दीडेक तासात वाळलं. टेप लावला, 93 सेंटिमीटर. मीटरमागे सात सेंटिमीटर गेले. एकशे पाच सेंटिमीटर उंचीच्या पँटमध्ये हाच हिशेब केला तर घोट्यापर्यंतची पँट नडगीवर येते.

हे मी शिकलो ते दुसऱ्याचं नुकसान करून. 1995 साली मी सोळा वर्षांचा होतो आणि वडिलांच्या हाताखाली काज-बटणं करायचो. त्याच वर्षी अरविंद मिलनं रफ अँड टफ काढलं. तयार पँट नाही, पाकीट. आत कापलेलं डेनिमचं कापड, चेन, बटण, रिव्हेट, मागं लावायचं लेबल. 195 रुपयांचं पाकीट घ्यायचं आणि गावच्या शिंप्याकडून शिवून घ्यायचं. अक्षय कुमारची जाहिरात भिंतीवर. ब्रँडची जीन्स तेव्हा मोठ्या शहरातल्या मोठ्या दुकानात, आणि तिच्या किमतीत आमच्याकडे घरातल्या सगळ्यांचे दिवाळीचे कपडे व्हायचे. त्या पाकिटांनी आमच्यासारख्या शिंप्यांच्या हाती पहिल्यांदा जीन्स दिली. ती पाकिटं शिवून माझी भीड चेपली. मग एका गुरुजींनी बाजारातून सुटं डेनिम आणून दिलं, ते वडील बाहेरगावी असताना मीच कापलं आणि शिवलं. भिजवलं नाही. महिन्याभरानं गुरुजी आले, पँट चार बोटं वर. ते एक शब्द बोलले नाहीत, काउंटरवर ठेवून गेले. वडिलांनी स्वतःच्या पैशानं कापड आणलं, माझ्यासमोर भिजवलं, वाळवलं आणि मला कापायला लावलं. आजही कापड पाण्यात सोडताना मला ती काउंटरवरची पँट दिसते.

बारा ते दोन

ही वेळ आल्टरची. लांबी कमी कर, घेर काढ, कंबर घे. रोजचा गल्ला यावरच भरतो. नव्या जीन्सची लांबी कमी करताना बहुतेक पोरं 'ओरिजिनल बॉटम' मागतात, कारण कंपनीच्या मोहरीवर दोरीसारखे पीळ पडलेले असतात, दुमडीचा उंचवटा पांढरा आणि खाच निळी. ती कापून नवी दुमड घातली की पँट लगेच परकी दिसते. मग मोहरीची पट्टी जपून कापायची, मधला जादा तुकडा काढायचा आणि पट्टी पुन्हा वर जोडायची. बाजूच्या शिलाईवर कापडाचे आठ-आठ पदर येतात. तिथं मशीन अडते, सुई मोडते. मी आधी तो गठ्ठा हातोडीनं ठोकून चपटा करतो, मग मशीनच्या पायाच्या मागं डेनिमचीच दुमडलेली चिंधी सरकवतो, म्हणजे पाय तिरपा होत नाही, आणि ते चार टाके चाक हातानं फिरवून घालतो. एक टाका, थांबायचं, सुई वर, पुन्हा एक. घाई केली की सुईचं टोक डोळ्याकडे उडतं.

आज एका पोरानं नवीकोरी, पण गुडघ्यावर फाटलेली आणि मांडीवर पांढरी केलेली जीन्स आणली. नडगीचा घेर कमी करायचा होता, केला. पण त्याला बसवून सांगितलंही. असा पांढरेपणा आणायला पूर्वी कापडावर वाळूचा मारा करत. तुर्कस्तानात त्या कामगारांच्या फुप्फुसांत धूळ बसून सिलिकोसिस झाला, तरणी पोरं गेली, आणि 2009 साली तिथल्या सरकारला त्यावर बंदी घालावी लागली. तुझी पँट तशी बनली असं मी म्हणत नाही, आता दुसऱ्याही रीती आहेत. पण तू स्वतः वर्षभर घातलीस की मांडी आपोआप पांढरी होते, आणि ती तुझ्याच मांडीच्या मापानं होते. पोरगं ऐकत होतं. माझ्या पँटकडे बघत होतं.

बघण्यासारखी झालीच आहे. ही दुसरी जीन्स पाच वर्षांची. उजव्या मांडीवर फिकट पट्टा आहे, कारण कापड ओढताना मी त्याच मांडीवर घेतो. उजव्या खिशावर छोट्या कात्रीचा आकार उमटलाय, पाती आणि दोन्ही कड्यांसकट. गुडघ्यामागं मधाच्या पोळ्यासारख्या घड्या आहेत, त्या पायमशीनच्या. दिवसातून हजारदा गुडघा वाकतो, तिथंच घडी पडते आणि घडीचं टोक पांढरं होतं. शेजारच्या किराणावाल्याची जीन्स मीच त्याच ताग्यातून शिवली होती. तिच्यावर यातलं काही नाही. त्याच्या ढोपरावर गोणीची घासण आहे.

दोन

लाइट गेली. ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा, पाटवड्यांची आमटी. वर पंखा नाही, म्हणून दारात खुर्ची घेऊन हातकाम काढतो. आई रोज याच वेळी घरून येते. ती पंचाहत्तरीची आहे आणि फाटक्या गुडघ्यांचं काम तिच्याकडे. आतून जुन्या निळ्या पँटचा तुकडा लावते आणि वरून धावदोरा घालते, वाकळ शिवताना घालतात तसाच, रांगेला रांग लागून, बोटाच्या पेरात सात-आठ टाके. दोरा पांढरा. जपानात अशाच टाक्यांना साशिको म्हणतात आणि बहुतेक निळ्या कापडावर ते घालतात, हे पुण्याच्या मुलानं मला मोबाइलवर दाखवलं. आईनंही पाहिलं आणि म्हणाली, "त्यांच्या बायांचा हात चांगलाय." एका एसआरपीच्या जवानाची पँट आज तिच्या मांडीवर होती. बारा नंबरच्या गटात तो असतो, सुट्टीत घालायची म्हणून दोनदा दुरुस्त करून घेतली, नवी घ्यायला तयार नाही.

चार

वसमतकडचे एक मामा आले. हळद शिजवायचे दिवस आहेत. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती शिजवणाऱ्याच्या कपड्यांची काय गत होते ती आम्ही बघतो. पिशवीतून लेकाची जीन्स काढली. दोन्ही मांड्यांवर कुंकवाचे सडे टाकल्यासारखे लाल डाग.

"टेलर, हळदीचा डाग लाल कामून झाला? बायको म्हणती, काहीतरी लागलंय याला."

मामा, साबण लावलात. घरी कुंकू कसं करायचे, आठवा. हळदीला क्षार दिला की ती लाल होते. धुण्याचा सोडा म्हणजे क्षारच. घाबरायचं नाही. मी त्यांच्यासमोर एका डागावर लिंबाचे थेंब टाकले. लाल पुन्हा पिवळा झाला. मामांनी मान पुढं काढून पाहिलं आणि दुसऱ्या डागावर स्वतः लिंबू पिळलं. आता साध्या पाण्यात खळबळून काढा आणि डागाची बाजू वर करून उन्हात टाका. हळदीचा रंग ऊन खातं. पण नीळही उन्हानं उडते, म्हणून डाग गेला की लगेच सावलीत घ्या. आणि हळदीच्या कामाला पुढच्या वर्षी जुनीच पँट द्या पोराला.

सहा

लाइट आली. पुण्याच्या पोराची पँट कापून दुपारच्या फावल्या वेळात निम्मी झाली होती, आता संपवायला घेतली. खिशाच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट बसवायचे. दाभणानं भोक, खालून खिळा, वरून टोपी, हातोडीचा एकच नेमका घाव.

हा रिव्हेट एका शिंप्याची कल्पना. अमेरिकेतल्या रिनो गावात जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. एका लाकूडतोड्याची बायको त्याच्याकडे आली, नवऱ्याच्या पँटी टिकत नाहीत म्हणून. घोड्याच्या पट्ट्यांना लावायचे तांब्याचे खिळे त्याच्याकडे पडलेले होते, ते त्यानं खिशांच्या कोपऱ्यांना ठोकले. पेटंटचे पैसे भरायला नव्हते, म्हणून कापडाचे व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांना पत्र लिहिलं. 20 मे 1873 ला दोघांना मिळून पेटंट मिळालं. लेबलावर नाव व्यापाऱ्याचं राहिलं. मला याचं वाईट वाटतं, आणि प्रत्येक पँटच्या शेवटच्या रिव्हेटला मी डेव्हिसचं नाव आठवतो. आपल्या बाजूचंही एक नाव असंच मागं पडलंय. मुंबईच्या डोंगरीतलं जाडं सुती कापड इंग्रजांनी उचललं, त्यावरून त्यांचा डंगरी शब्द झाला. आमचे गॅरेजवाले अजून कामाच्या कपड्याला डांगरी म्हणतात. शेजारी यवतमाळला डेनिमची गिरणी आहे, कापूस आपल्या शेतातला. या कापडाला परदेशी म्हणावं असं मला तरी वाटत नाही.

नऊ

मुलगा आईला घेऊन ट्रायलला आला. पडद्याआडून बाहेर आला तेव्हा पाय लाकडाचे असल्यासारखा चालत होता. कंबर बोटभर घट्ट ठेवलीय, दोन आठवड्यांत ती अंगाची होते. मी सांगायला घेतलं. सहा महिने तरी धुऊ नको. घाम आला तर रात्री वाऱ्यावर टाक. पांढऱ्या गादीवर, पांढऱ्या बुटांवर पहिल्या महिन्यात जपून.

"सहा महिने?" त्याची आई म्हणाली. "दादा, मी हिला घरात घेणार नाही."

तीन महिन्यांवर तडजोड झाली. धुणं रिठ्याच्या पाण्यात, आणि ते ती स्वतः करणार, मशीनमध्ये टाकणार नाही, असं तिनं कबूल केलं. मुलानं मोटारसायकलवर टांग टाकली, तेव्हा गुडघ्यामागं पहिली घडी पडलेली मला दिव्याच्या उजेडात दिसली.

वहीत तारीख लिहिली, कापडाचं वजन, आकसलेलं माप, कंबर, मोहरी. पुढं एक रकाना कोरा ठेवतो, दुरुस्तीला परत येईल त्या दिवसासाठी. हात धुतले. अंगठा आणि शेजारचं बोट नखापर्यंत निळं होतं, ते तसंच राहिलं. शटर ओढलं.