पत, पाणी आणि पगार

आठवड्यात तास असतात १६८. त्यांतला एक तास रविवारच्या मिस्सेचा. उरलेल्या १६७ तासांचे काय, हा प्रश्न कॅथलिक चर्चपुढे गेली सव्वाशेहून अधिक वर्षे आहे. देवळात डोळे मिटून प्रार्थना करणारा माणूस सोमवारी दुकानात, वाडीत, कचेरीत कसा वागतो? त्याच्या व्यवहारात त्याचा धर्म कुठे दिसतो? या प्रश्नाला चर्चने वेळोवेळी जी उत्तरे दिली, त्यांना मिळून 'कॅथलिक सामाजिक शिकवण' असे म्हणतात.

नाव जरा भारदस्त आहे. त्यामुळे हे धर्मगुरूंचे आणि पंडितांचे काम, असा सामान्य माणसाचा समज होतो. प्रत्यक्षात मजुरी किती द्यावी, कर्ज कोणत्या अटीवर द्यावे, विहिरीतल्या पाण्यावर हक्क कोणाचा, अशा रोजच्या गोष्टींचा हा विचार आहे. तो समजून घ्यायला रोमला जायची गरज नाही. वसई स्टेशनला उतरले तरी पुरे.

आधी थोडा इतिहास पाहू. एकोणिसाव्या शतकात युरोपात कारखाने वाढले आणि खेड्यांतली माणसे शहरांत लोटली. कामाचे तास अमर्याद, मजुरी तुटपुंजी, लहान मुलेही यंत्रावर. अशा काळात, १५ मे १८९१ रोजी, पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोवारुम' हे परिपत्र काढले. या लॅटिन शब्दांचा अर्थ 'नव्या गोष्टींविषयी'. मालक आणि मजूर यांनी राजीखुशीने मजुरी ठरवली म्हणजे ती आपोआप न्याय्य होत नाही, असे त्यांनी त्यात बजावले. नडलेला माणूस कशालाही हो म्हणतो. काटकसरीने राहणाऱ्या मजुराचा निर्वाह होईल एवढी मजुरी त्याला मिळालीच पाहिजे. आणि कामगारांना संघटना करण्याचा हक्क आहे, हेही त्यांनी मान्य केले. या पत्राचे तेज अजून उतरलेले नाही. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी 'लिओ चौदावे' हे नाव घेतले, ते या पत्राचे स्मरण ठेवूनच. त्या वेळी यंत्रे आली होती, आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. माणसाच्या श्रमाची प्रतिष्ठा हा प्रश्न तोच आहे, असे त्यांनी सांगितले.

१८९१ नंतर अनेक पोपनी या विचारात भर घातली. त्याचे सार चार गोष्टींत सांगता येईल. पहिली, प्रत्येक माणसाला प्रतिष्ठा आहे आणि ती त्याच्या पैशावर, जातीवर वा गावावर अवलंबून नाही. दुसरी, माझे हित सर्वांच्या हितापासून तोडता येत नाही. तिसरी १९३१ साली पोप पायस अकरावे यांनी नीट मांडली: जे काम खालची माणसे स्वतः करू शकतात, ते वरच्या सत्तेने त्यांच्या हातून काढून घेऊ नये. वसईकरांना हे समजावून सांगायला नको. २००९ साली वसई-विरार महापालिका झाली, तेव्हा आमची ग्रामपंचायत आम्हाला राहू द्या म्हणून कितीतरी गावे रस्त्यावर उतरली होती. आणि चौथी गोष्ट, दुर्बलाच्या बाजूने एकजुटीने उभे राहणे.

आता हे विचार वसईच्या मातीत कसे रुजले ते पाहू. सुरुवात पतीपासून करू.

शंभर वर्षांपूर्वीचा वसईचा शेतकरी म्हणजे केळी, पानवेल आणि भाजीपाला पिकवणारा कष्टाळू माणूस. पण पीक बुडाले, घरात आजारपण आले, मुलीचे लग्न ठरले, की त्याला सावकाराच्या ओट्यावर जावे लागे. एकदा वही उघडली की ती मिटत नसे. भारतात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ साली झाला होता. त्याचा आधार घेत १९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी वसईत कॅथलिकांची सहकारी पतपेढी उभी केली. तीच पुढे बसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक झाली. आज ती शेड्यूल्ड बँकांच्या यादीत आहे.

या घटनेत धर्मगुरूंनी काय केले आणि काय केले नाही, दोन्ही पाहण्यासारखे आहे. त्यांनी गरिबांना दान वाटले नाही. दान घेणाऱ्याची मान खाली जाते. त्यांनी गरिबांचेच थोडेथोडे पैसे एकत्र करून त्यांनाच कर्ज मिळण्याची सोय केली. शेजारी शेजाऱ्याला ओळखतो, त्याची लायकी जाणतो आणि त्याच्यासाठी जामीन राहतो. माणसाची प्रतिष्ठा, सर्वांचे हित, खालच्यांनी आपले काम आपण करणे आणि एकजूट, हे चारही विचार त्या एका पतपेढीत आले.

दुसरी गोष्ट पाण्याची. वसईच्या किनारपट्टीतल्या वाड्यांमध्ये जुन्या काळापासून बावखले आहेत. बावखल म्हणजे वाडीतले खोदीव तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, हळूहळू जमिनीत मुरते आणि आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. समुद्र इतका जवळ असून विहिरी गोड कशा? गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असते. जमिनीखाली ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. वरून पावसाची भर पडत राहिली तर समतोल टिकतो. भर कमी झाली आणि उपसा वाढला, की खारे पाणी वर सरकते. मग वाडीतली केळ पिवळी पडते आणि विहीर पिण्यालायक राहत नाही.

शहर वाढले तशी पुष्कळ बावखले भराव टाकून बुजवली गेली. विहिरींना मोटारी लागल्या आणि पाणी टँकरने विकले जाऊ लागले. आपल्या मालकीची विहीर, आपले पाणी, विकले तर बिघडले कुठे, असा सवाल होता. कायद्याच्या भाषेत तो बिनतोडही वाटे. पण जमिनीखालच्या पाण्याला सात-बारा माहीत नसतो. एकाने उपसले की दहा जणांच्या विहिरी खाऱ्या होतात.

इथे पोप जॉन पॉल दुसरे यांचा एक विचार फार उपयोगी पडतो. खासगी मालमत्तेवर समाजाचे गहाण असते, असे त्यांनी १९८७ सालच्या एका पत्रात म्हटले. गहाण हा शब्द आपल्याला चांगला कळतो. घर आपलेच असते, आपण त्यात राहतो; पण बँकेचे देणे फिटेपर्यंत त्याचे वाटेल ते करता येत नाही. तसेच विहीर माझी खरी, पण तिच्यावर अख्ख्या आळीचे देणे आहे.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हिरवा पट्टा बिल्डरांसाठी मोकळा होऊ लागला, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीची चळवळ उभी राहिली. तिच्या अग्रभागी होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, 'सुबोध बायबल'चे लेखक आणि पुढे २०२० साली उस्मानाबादला भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ते महाराष्ट्राला ठाऊक आहेत. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. धर्मगुरूने पाण्याच्या आणि जमिनीच्या भानगडीत का पडावे, असे त्या काळी त्यांना विचारले जाई. पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' हे पत्र २०१५ साली आले. पिण्याचे शुद्ध पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. वसईतल्या शेतकऱ्यांनी, बायाबापड्यांनी, ख्रिस्ती आणि हिंदू शेजाऱ्यांनी मिळून ही गोष्ट त्याआधी पंचवीस वर्षे रस्त्यावर येऊन सांगितली होती.

इथपर्यंतची कथा अभिमानाची आहे. पण मित्रहो, इथे थांबलो तर आपण स्वतःचीच पाठ थोपटून घरी जाऊ. पत मिळवली ती आपली, पाणी वाचवले ते आपले. खरी परीक्षा पुढच्या प्रश्नात आहे: जो आपला नाही, त्याचे काय?

याच वसई तालुक्याच्या पूर्वेला, महामार्गापलीकडच्या डोंगराळ भागात, आदिवासी पाडे आहेत. तिथेही कर्ज होते, तेही बहुधा लग्नाचेच. पण तिथे पतपेढी नव्हती. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा पैशांपायी माणूस मालकाकडे वर्षानुवर्षे राबत राही. ठाणे जिल्ह्यात अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी या वेठीविरुद्ध उठाव केला. १९७६ साली वेठबिगारीविरुद्ध देशाचा कायदा झाला. तरीही १९८० च्या दशकात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांना वसईच्या पाड्यांवरून वेठबिगार सोडवावे लागले. त्यातून १९८२ साली श्रमजीवी संघटना उभी राहिली. १९९९ साली लंडनच्या 'अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल' या संस्थेने या कामाचा गौरव केला.

एकाच तालुक्यात, काही मैलांच्या अंतरावर, तेच लग्न आणि तेच कर्ज. एकाला १९१८ साली पतपेढी मिळाली. दुसऱ्याला त्यानंतर साठ-पासष्ट वर्षांनीही स्वातंत्र्य मिळायचे होते. परुळेकरबाई कम्युनिस्ट, पंडित दांपत्य समाजवादी वळणाचे. पोपचे पत्र वाचून ते कामाला लागले नव्हते. पण 'रेरुम नोवारुम'मध्ये जे लिहिले आहे, तेच त्यांनी पाड्यांवर केले. सत्याला चर्चची दारे आणि भिंती नसतात, हे यातून शिकावे.

आज तो दुसरा माणूस आणखी जवळ आला आहे. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. उत्तरेकडून, कोकणातून, मराठवाड्यातून माणसे आली. कोणी आपल्या चाळीत भाड्याने राहते, कोणी आपल्या घरी भांडी घासते, कोणी वाडीत आळी खणते, कोणी वालीव-सातिवलीच्या गाळ्यांत यंत्रावर उभे राहते. सकाळी नाक्यावर काम मिळण्याची वाट पाहत मजूर उभे असतात. बायबलमधली द्राक्षमळ्याची गोष्ट नाक्यावरच्या मजुरांचीच आहे. तिथला मालक दिवस मावळायला आल्यावरही नाक्यावर जातो आणि शेवटी आलेल्यालाही पूर्ण दिवसाची मजुरी देतो, कारण त्याच्या घरची चूलही पूर्ण दिवसाचीच असते.

मग करायचे काय? पोप जॉन तेविसावे यांनी १९६१ साली तीन पायऱ्यांची रीत सांगितली: पाहा, पारखा, करा. ती घरच्या घरी वापरून बघू.

घरकामाला येणाऱ्या बाईचा पगार ठरलेल्या तारखेला होतो का? आजारपणाच्या दिवसांचे पैसे कापले जातात का? तिला आठवड्याची सुट्टी आहे का? महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. तिथे नाव नोंदवायला आपण तिला मदत केली का? मजुराची मजुरी रात्रभर स्वतःजवळ ठेवू नये, असा दंडक बायबलच्या जुन्या करारात आहे. तो महिनाअखेरीलाही लागू पडतो.

आपली खोली भाड्याने दिली असेल, तर करारनामा केला आहे का? भाड्याचा करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने घरमालकावरच टाकली आहे. तो कागद नसला की भाडेकरूला पत्त्याचा पुरावा मिळत नाही, आणि त्यावाचून गॅसपासून मुलांच्या शाळेपर्यंत सगळीकडे अडते. खोली देताना त्याची जात, भाषा, ताटातले अन्न विचारून दार लावून घेतो का? आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुले आखातात, कॅनडात भाड्याच्या घरात राहतात. तिथल्या घरमालकाने त्यांच्याशी कसे वागावे असे आपल्याला वाटते? तेच माप इथे लावावे.

वाडीत बावखल शिल्लक असेल तर ते बुजवू नये. आणि चाळ बांधली असेल तर भाडेकरूच्या नळालाही आपल्याइतकेच पाणी येते का, ते एकदा स्वतः जाऊन पाहावे.

यात ख्रिस्ती माणसाचाच मक्ता आहे असे नाही. श्रमिकाला निर्वाहापुरते वेतन मिळावे, असे आपल्या राज्यघटनेचे ४३ वे कलम सांगते. घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, अशी इस्लामची शिकवण आहे. वारकरी संतांनीही रंजल्यागांजल्यांत देव पाहिला. वाटा निराळ्या असल्या तरी त्या नाक्यावर उभ्या असलेल्या त्याच माणसापाशी येऊन पोचतात.

वसईच्या मागच्या पिढ्यांनी सावकाराच्या वहीतून आपली माणसे सोडवली आणि पुढच्यांनी आपल्या विहिरी राखल्या. आपल्या घरात काम करणाऱ्याचा आणि आपल्या खोलीत राहणाऱ्याचा हिशेब नीट ठेवणे, हे काम आता आपल्या वाट्याला आले आहे. त्याला मोर्चा लागत नाही, भाषण लागत नाही. महिन्याच्या एक तारखेला सुरुवात करता येते.