अभयदान आणि नावाची पाटी

आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान अशी दानाची चार रूपे आपल्या परंपरेने सांगितली आहेत. त्यांपैकी पहिली तीन आपल्या चांगल्या परिचयाची आहेत. भोजनशाळा, दवाखाने, पाठशाळा आणि ग्रंथमाला यांच्या रूपाने ती गावोगाव उभी आहेत. अभयदानाचा उल्लेख मात्र बहुधा प्रवचनातच होतो. वास्तविक पुराच्या पाण्यात अडकलेल्या कुटुंबाला नावेत घेणे, दरीत कोसळलेल्या प्रवाशाला दोराच्या आधाराने वर आणणे, संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांज्यात अडकलेल्या पक्ष्याचे पंख सोडवणे, ही सारी अभयदानाचीच आजची रूपे होत. ती करणारे बहुतेक जण नोकरी, दुकान, शेती सांभाळून धावून जाणारे स्वयंसेवक असतात. त्यांना मोबदला नको असला, तरी दोर, नावा, जीवरक्षक जॅकेटे, रुग्णवाहिका आणि इंधन यांसाठी पैसा लागतोच. हा पैसा दात्याकडून येतो आणि दात्याबरोबर त्याचे नाव येते. या नावाचे काय करायचे, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. अनेक संस्थांचे चारित्र्य याच प्रश्नावर घडते किंवा बिघडते.

किल्लारीने शिकवलेला धडा

सोलापूरकरांना हा विषय नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांची भूमी हादरली. अनंत चतुर्दशी होऊन, दशलक्षण पर्वाची सांगता होऊन एकच रात्र उलटली होती. बावन्न गावे जमीनदोस्त झाली आणि सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. जखमींचा लोंढा सोलापूरच्या रुग्णालयांकडे आला आणि मदतीच्या मालमोटारी सोलापूरहून उमरग्याच्या रस्त्याने निघाल्या.

अशा प्रसंगी पहिल्या पंधरवड्यात दातृत्वाला उधाण येते. अन्न, कपडे, भांडी, औषधे यांचे ढीग लागतात. वृत्तपत्रांची छायाचित्रे संपली की तेच उधाण ओसरते आणि संकटग्रस्तांचे खरे दिवस त्यानंतर सुरू होतात. शांतिलाल मुथा यांनी १९८५ साली स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेचे त्या वेळचे कार्य या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे बाराशे मुलांना पुण्यात आणले, त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी उचलली आणि त्यातूनच वाघोलीचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र आकाराला आले. मुलाला शिकवून पायावर उभे करायचे, तर दहा-बारा वर्षे लागतात. त्या दहा वर्षांत उद्घाटनाची फीत कापण्याचा प्रसंग क्वचितच येतो. रोजचा भात, वह्या आणि फी यांचे छायाचित्र कोणी काढत नाही. अशा कामासाठी दात्याला पहिल्याच दिवशी सांगावे लागते, की ही वर्गणी एका प्रसंगाची नसून एका पिढीची आहे.

दात्याशी जुळणाऱ्या संबंधाचा पाया येथे दिसतो. दाता संकटाच्या दृश्याशी जोडला गेला, तर दृश्य पालटताच तो दुरावतो. तो कामाशी जोडला गेला, तर टिकतो.

नाव घ्यावे, विधी बदलू नये

नावाचा सोस वाईट आणि गुप्तदान श्रेष्ठ, असे म्हणून हा विषय संपवता येत नाही. आपल्या मंदिरांत बोली बोलल्या जातात, दात्याचे नाव सर्वांसमक्ष पुकारले जाते, धर्मशाळांच्या भिंतींवर शिलालेख असतात. त्या नावांमुळे दुसऱ्यालाही देण्याची प्रेरणा होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु या परंपरेतील एक मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. पहिल्या कलशाची बोली कोणीही घेवो, अभिषेकाचा विधी त्याच्या इच्छेनुसार बदलत नाही. नाव दात्याचे असते, क्रम शास्त्राचा असतो.

बचाव पथकांनी हीच मर्यादा पाळावी. नावेवर दात्याचे नाव लिहावे, वार्षिक सभेत त्याचा सत्कार करावा. मात्र नाव कोणत्या गावात प्रथम जाईल, कोणाला आधी बाहेर काढायचे, पथक कोणत्या वेळी निघेल, यांत दात्याला मत नसावे. ‘आमच्या कारखान्याच्या कामगार वस्तीत आधी जा’ असा निरोप ज्या दिवशी पाळला जातो, त्या दिवशी संस्था त्या दात्याची खासगी सेवा होऊन बसते.

आपल्या कायद्यानेही कृतज्ञता आणि जाहिरात यांत रेषा आखली आहे. धर्मादाय संस्थेच्या जागेत दात्याच्या नावाची पाटी लावल्यास वस्तू व सेवा कर द्यावा लागतो काय, याचा खुलासा केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ११ ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकाने केला. पाटी केवळ आभारादाखल असेल, दान परोपकारासाठी असेल आणि तिच्यातून दात्याच्या धंद्याची जाहिरात होत नसेल, तर कर नाही. योगसंस्थेला भेट दिलेल्या फलकाखाली दात्याच्या नावाने लिहिलेल्या शुभेच्छा, असे साधे उदाहरण त्यात दिले आहे. त्याच फलकावर दुकानाच्या मालाची भलामण आली, तर ते दान राहत नाही, सौदा होतो.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचेही असेच. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. आपत्ती व्यवस्थापन आणि प्राणिकल्याण ही दोन्ही कामे त्या यादीत आहेत. जानेवारी २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांनी मात्र स्पष्ट केले, की आपल्या मालाच्या किंवा सेवेच्या विक्रीला लाभ व्हावा म्हणून दिलेले प्रायोजकत्व या खर्चात धरता येणार नाही. म्हणजे पथकाच्या पाठीवर आपल्या नव्या उत्पादनाचे चिन्ह हवे, असा आग्रह धरणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्याला पथकाने नम्रपणे नियमच दाखवावा. नकार देण्याचे अवघडलेपण अशा वेळी नियम आपल्या खांद्यावर घेतो.

नाव मिळते, इंधन मिळत नाही

दात्यांना दिसणाऱ्या वस्तू द्यायला आवडतात. रुग्णवाहिकेचे लोकार्पण होते, नावेला हार घातला जातो, मान्यवर नारळ वाढवतात. पुढच्या वर्षी त्या नावेचे इंजिन दुरुस्त करायला, रुग्णवाहिकेचा विमा भरायला, चालकाला प्रशिक्षण द्यायला कोणी पुढे येत नाही. परिणामी अनेक संस्थांच्या अंगणात नाव ठळकपणे रंगवलेली, पण चाके बसलेली वाहने उभी दिसतात.

ही केवळ पैशाची नव्हे, जिवाची गोष्ट आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना घेऊन निघालेली नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. क्षमतेपेक्षा अधिक माणसे नावेत होती. प्रत्येकासाठी जीवरक्षक जॅकेट आणि नाव हाकण्याचे पक्के शिक्षण, या दोन गोष्टी नावेइतक्याच आवश्यक असतात. परंतु त्यांच्यासाठी समारंभ होत नाहीत. म्हणून वस्तू स्वीकारतानाच तिच्या पुढील तीन वर्षांच्या देखभालीचा खर्च दात्यासमोर ठेवावा. ज्याला तो झेपत नसेल, त्याने लहान वस्तू द्यावी. एक पूर्ण दोरसंच आणि त्याची दरवर्षीची तपासणी हे दान, निम्म्या रुग्णवाहिकेपेक्षा मोठे आहे.

कोणाचा पैसा घ्यावा

सोलापूर चादरी आणि टॉवेलांसाठी प्रसिद्ध आहे, तसेच ते विडी उद्योगाचेही जुने केंद्र आहे. हजारो स्त्रियांच्या चुली विड्या वळण्यावर पेटल्या, हे सत्य आहे. तथापि तंबाखूच्या प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरातीला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. जीव वाचवणाऱ्याच्या पाठीवर तंबाखूच्या किंवा मद्याच्या छापाचे नाव शोभत नाही आणि कायद्यातही बसत नाही. विडी कामगारांच्या वस्तीतून आलेली दहा-दहा रुपयांची वर्गणी मात्र आदराने घ्यावी. ती श्रमाची मिळकत आहे.

जीवदया मंडळांपुढे याहून सूक्ष्म प्रश्न असतात. नदीपात्र किंवा ओढा बुजवून इमारती उभ्या करणाऱ्याने पूरबचाव पथकाला नाव भेट दिली, तर काय करावे? देणगी मागण्यापूर्वीच ‘कोणाकडून घेणार नाही’ याचा ठराव करून तो इतिवृत्तात नोंदवावा. दाता समोर बसलेला असताना तत्त्वे ठरवायला घेतली, की ती दात्याच्या चेहऱ्याकडे पाहून ठरतात.

एकाच मोठ्या दात्यावर विसंबणेही धोक्याचे. निम्म्याहून अधिक खर्च एकाच घरातून येऊ लागला, की विश्वस्त मंडळाचे निर्णय त्या घराच्या दिवाणखान्यात होऊ लागतात. शंभर घरांची छोटी वार्षिक वर्गणी गोळा करण्यात कष्ट अधिक, पण त्यात संस्थेचे स्वातंत्र्य सुरक्षित राहते.

छायाचित्र कोणाचे

सांगली-कोल्हापूरच्या २०१९ च्या महापुरात मदतीच्या धान्याच्या पाकिटांवर पुढाऱ्यांची छायाचित्रे चिकटवल्याने राज्यभर संताप व्यक्त झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने सीना नदीला महापूर आला आणि सोलापूर व धाराशिव जिल्ह्यांतील गावे पाण्याखाली गेली. तेव्हाही धाराशिवकडे गेलेल्या मदतीच्या पिशव्यांवरील छायाचित्रांवरून तोच वाद पुन्हा उभा राहिला. सहा वर्षांत माणसे बदलली, मोह तोच राहिला. यात राजकारण्यांनाच दोष देऊन आपल्याला मोकळे होता येणार नाही. दहा किलो तांदूळ स्वीकारणारी वृद्धा आणि तिच्याभोवती उभे असलेले पंधरा कार्यकर्ते, असे छायाचित्र आपल्याही मंडळांच्या अहवालांत आढळते.

कामाची छायाचित्रे मुळीच नकोत, असे नव्हे. लोकांना काम दिसले नाही तर ते वर्गणी तरी का देतील? छायाचित्र पथकाचे, साधनांचे, सरावाचे घ्यावे. संकटात सापडलेल्याचा चेहरा त्याच्या संमतीवाचून छापू नये. मुलांच्या बाबतीत तर कायदाच कडक आहे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास २०१५ च्या बालन्याय कायद्यातील कलम ७४ ने मनाई केली आहे. मृतदेहाचे छायाचित्र कोणत्याही कारणाने घेऊ नये.

प्राण्यांना संमती विचारता येत नाही, म्हणून तेथे जबाबदारी दुप्पट होते. पकडलेला नाग हातात धरून गर्दीपुढे उभे राहणे म्हणजे जीवदया नव्हे. त्यात सापाला त्रास होतो, धरणाऱ्याच्या जिवाला धोका असतो आणि वन्यजीव संरक्षण कायद्याचाही भंग होतो. साप पिशवीत सुखरूप गेला आणि वन विभागाच्या सल्ल्याने योग्य अधिवासात सुटला, एवढी एका ओळीची नोंद पुरेशी आहे.

याच सोलापुरात १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. जखमींवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचा तेथेच अंत झाला. व्ही. शांताराम यांचा चित्रपट आला तो १९४६ मध्ये. कीर्ती आधी आणि सेवा मागाहून, असा क्रम त्यांच्या आयुष्यात नव्हता.

हिशेब आणि अपयश

संस्थेची प्रतिमा छायाचित्रांपेक्षा हिशेबातून घडते. प्राप्तिकर नियमांनुसार २०२१-२२ पासून ८०जी मान्यता असलेल्या संस्थांना दात्यांचे विवरण भरून विहित नमुन्यातील प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीवर दात्याला करसवलत मिळत नाही. सामाजिक दायित्व निधी हवा असेल, तर १ एप्रिल २०२१ पासून त्यासाठी स्वतंत्र नोंदणीही आवश्यक आहे. ही कागदपत्रे कंटाळवाणी वाटतात. परंतु दुसऱ्यांदा देणगी देणारा दाता बहुधा वेळेवर आलेली पावती आणि नेमका खर्च पाहूनच परत येतो.

अहवालात अपयशालाही जागा असावी. उशीर झाला म्हणून एक जण वाचला नाही, दोर अपुरा पडला, निरोप चुकीच्या गावाचा मिळाला, हे लिहिणाऱ्या संस्थेवर लोकांचा विश्वास वाढतो. दात्यालाही कळते, की पुढची देणगी कोठे खर्च व्हायला हवी. केवळ यशाच्या कथा सांगणाऱ्या संस्थेला आपली उणीव कधी मागताच येत नाही.

पावसाळ्यापूर्वी बचाव पथके सराव करतात, दोर तपासतात. त्याच आठवड्यात विश्वस्तांनी एक पानाचा करार तयार करावा. देणगी कशासाठी, नाव कोठे व किती आकाराचे, छायाचित्र कोणाचे, देखभाल कोणाची आणि बचावकार्यातील निर्णय केवळ पथकप्रमुखाचा, अशी पाच कलमे त्यात असावीत. दात्याने ती वाचून सही करावी. खरा दाता अशा कागदाने दुखावत नाही, उलट आपले दान योग्य हाती जात असल्याची त्याला खात्री पटते. पुरात अडकलेला मनुष्य हात पुढे करतो, तेव्हा नावेवर कोणाचे नाव आहे हे तो वाचत नाही. ती वेळेवर आली की नाही, एवढेच तो पाहतो.