जुना कॉम्प्युटर सुटत का नाही

सुकापूरला माथेरान रोडच्या कडेला झेरॉक्स-डीटीपीचं एक दुकान आहे. पुढच्या काउंटरवर नवा कॉम्प्युटर. आधार, पॅन, ऑनलाइन फॉर्म सगळं त्याच्यावर चालतं. आतल्या कोपऱ्यात दुसरा, उन्हाने पिवळा पडलेला. तो सुरू झाला की हिरवी टेकडी आणि निळं आभाळ दिसतं. विंडोज एक्सपी. मायक्रोसॉफ्टने तिचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला थांबवला. या मशीनवर मात्र अजून हळदीच्या पत्रिका निघतात.

येणारं गिऱ्हाईक हसतं. “शेठ, आता तरी भंगारात द्या.” शेठचा चिकूपणा, दुसरं काय, असं म्हणून लोक मोकळे होतात. हाच पहिला गैरसमज.

मालकाने एकदा मला मशीन फिरवून पाठीमागची बाजू दाखवली. पंचवीस पिनांच्या पॅरलल पोर्टला काडेपेटीएवढा एक ठोकळा लावलेला, त्याच्या मागे डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची वायर. तो ठोकळा म्हणजे ‘लॉक’. मराठी फॉन्टचं जे पॅकेज त्याने पूर्वी रोख पैसे मोजून घेतलं, ते हे लॉक लावल्याशिवाय उघडत नाही. आजच्या लॅपटॉपला हा पोर्टच नसतो. यूएसबीचं कनेक्टर आणलं, तर या लॉकचा जुना ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजवर बसत नाही. आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते.

बरं, लॉक सोडून दिलं तरी फाइली उरतात. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा आहे, पण आपल्याकडची छपाईची दुकानं त्यानंतरही बरीच वर्षं पुण्याच्या मॉड्युलरची श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम यांवर चालली. त्या जुन्या फॉन्टची युक्ती साधी होती. कॉम्प्युटरच्या लेखी ते इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांकच. फॉन्टने त्या क्रमांकांवर ‘क’, काना, वेलांटी यांची चित्रं बसवलेली. फॉन्ट काढून घेतला की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलर आणि कंस यांची खिचडी दिसते. वर मजकूर पेजमेकरच्या फाइलीत. पेजमेकर ७ हा २००१ चा, त्या नावाचा शेवटचा. त्याच्या फाइली इनडिझाइनमध्ये उघडायची सोय सीएस ६ पर्यंत होती, पुढे तीही गेली. गावातल्या वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, पतपेढीच्या पावत्या त्या एका डिस्कवर आहेत. “मागच्या वेळेसारखीच काढा, फक्त तारीख बदला,” असं म्हणणारं गिऱ्हाईक त्या डिस्कच्या जिवावरच येतं. याला कोणी चिकूपणा म्हणत असेल तर म्हणो.

आणि हे दुकानदारांपुरतं नाही. रिझर्व्ह बँकेला जून २०१८ मध्ये परिपत्रक काढून बँकांना सांगावं लागलं होतं, की एटीएममधली सपोर्ट संपलेली विंडोज टप्प्याटप्प्याने बदला, जून २०१९ पर्यंत सगळी. एक्सपीचा सपोर्ट संपून तेव्हा चार वर्षं झाली होती. यंत्राचं आयुष्य एक आणि आतल्या विंडोजचं दुसरं, तिथे असं होणारच.

“सपोर्ट संपला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडणार” ही दुसरी भीती. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, तेव्हा ती बऱ्याच घरांत शिरली. १५ तारखेला सगळी मशीनं नेहमीसारखी सुरू झाली. थांबतं ते इतकंच, की दर महिन्याला येणारी सुरक्षेची ठिगळं येत नाहीत. मात्र यात एक मेख आहे. कंपनी नव्या विंडोजसाठी ठिगळ काढते, तेव्हा भोक कुठे होतं हे जगजाहीर होतं. पुष्कळदा तेच भोक जुनीतही असतं आणि तिथे ते बुजवणारं कोणी नसतं. म्हणून धोका त्या तारखेला एकदम येत नाही, महिन्यागणिक वाढत जातो. घरगुती विंडोज १० साठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेटची सोय कंपनीने ठेवली. पण परवाना अस्सल हवा आणि आवृत्ती शेवटची, म्हणजे २२एच२. क्रॅक टाकून चालवणाऱ्याचा सपोर्ट पहिल्या दिवसापासूनच रामभरोसे.

“मग विंडोज ११ टाकून घ्या की!” टाकता आली असती तर प्रश्नच नव्हता. तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर बहुतेक करून आठव्या पिढीपासून पुढचा. २०१६ साली घेतलेला धडधाकट कॉम्प्युटर या चाळणीतून गळतो.

आता उलट बाजूचा गैरसमज: जुनं तेवढं धोक्याचं, नवं तेवढं सुरक्षित. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा व्हायरस पसरला, तेव्हा सगळ्यांनी एक्सपीच्या नावाने खडे फोडले. प्रत्यक्षात लागण झालेली बहुतेक मशीनं विंडोज ७ ची होती. तिचा सपोर्ट २०२० पर्यंत चालू होता आणि वॉनाक्राय ज्या भोकातून शिरायचा, त्याचं ठिगळ मार्चमध्येच निघालं होतं. लोकांनी ते लावलं नव्हतं. एक्सपीवर तो व्हायरस पुष्कळदा नीट चालतच नव्हता, मशीन निळा पडदा दाखवून बसायचं.

पुढच्याच महिन्यात, २७ जूनच्या सुमारास, नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आपल्या रायगड जिल्ह्यात येऊन धडकला. उरणच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाचं जीटीआय टर्मिनल ठप्प झालं आणि कंटेनरचा हिशेब हाताने करायची वेळ आली. मर्स्कला जगभरात ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. त्या हल्ल्याची सुरुवात युक्रेनमधल्या कर भरण्याच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली होती. म्हणजे विष अपडेटमधूनच आलं! शिवाय तो पासवर्ड चोरून पुढे सरकायचा, त्यामुळे एका नेटवर्कवर जोडलेली, ठिगळ लावलेली मशीनंही त्याच्या तडाख्यात सापडली. यावरून अपडेट टाकूच नयेत असा अर्थ कोणी काढू नये. पण मशीनचं वय विचारण्याआधी ते कशाकशाला जोडलंय ते विचारावं.

“अँटिव्हायरस आहे ना” याला फार उत्तर द्यायला नको. भिंत खचली असेल तर दारावरचा राखणदार काय करणार?

“आमच्या मशीनला नेटच नाही” हे मात्र मालक फार अभिमानाने सांगतो, आणि ते निम्मंच खरं आहे. झेरॉक्सच्या दुकानात दिवसाला कितीजणांचे पेनड्राइव्ह लागतात, ते मोजून बघा. नेटशी न जोडलेल्या इराणच्या अणुप्रकल्पात २०१० साली उघडकीला आलेला स्टक्सनेट शिरला, तो पेनड्राइव्हवरूनच असं मानलं जातं.

खरी भीती मला वेगळीच वाटते. ती डिस्क. इतकी वर्षं फिरणारी हार्ड डिस्क एका सकाळी टक्-टक् करते आणि संपते. त्यासाठी व्हायरस लागत नाही. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल उतरला की मशीनची तारीख मागे जाते, तेवढा एक इशारा मालकाला मिळाला होता. त्याने सेल बदलला आणि कामाला लागला. डिस्कची दुसरी प्रत तोवर नव्हती.

आता आहे. पूर्ण डिस्कची नक्कल दोन जागी ठेवलीय, नेहमीच्या पत्रिका कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये काढून घेणं चालू आहे. जोडाक्षरं आणि रफार हाताने नीट करावे लागतात. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह फक्त पुढच्या मशीनला लागतो. आतल्या मशीनकडे फाइल न्यायला दुकानाचा स्वतःचा एकच पेनड्राइव्ह, तोही दर वेळी आधी तपासून. बँकेचं काम आतल्या मशीनवर होत नाही.

तुमच्याकडे असं मशीन असेल तर भंगारवाल्याला हाक मारायची घाई करू नका. आधी त्याच्या डिस्कची नक्कल काढा, आणि ती दुसऱ्या मशीनवर उघडते का हे स्वतः बघून घ्या.